मागच्या खोलीची काच

थंडी पडायला लागली त्या आठवड्यात काचवाल्याने घराची मागची भिंत फोडली. तिथे आधीही खिडकी होती. उंचावर, हातभर रुंद, गज लावलेली. खाटेवरून तिच्यातून आभाळाचा एक चौकोन तेवढा दिसायचा. खाटेवर त्याची बायको होती.

तिची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. हॉस्पिटलमधून घरी पाठवताना डॉक्टरांनी काचवाल्याला बाजूला घेतलं. औषधं आहेत तीच चालू ठेवा, म्हणाले, पण त्या खात नाहीत. असंच चाललं तर थंडी निघणार नाही. खाल्लं तर उन्हाळा दिसेल. त्यापुढचं डॉक्टर बोलले नाहीत आणि काचवाल्याने विचारलं नाही. उन्हाळा एवढा एकच शब्द तो घरी घेऊन आला.

घरी ती दोन चमचे सूप घ्यायची आणि तोंड फिरवायची. मुलगी ऑफिस सुटल्यावर येऊन रागावून जायची. सकाळी येणाऱ्या नर्सने लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी काचवाला एक दिवस वैतागला.

"मग तुला काय हवंय ते तरी सांग."

"माझी खाट स्वयंपाकघरात टाका."

"तिथे खाट मावेल का?"

"मग विचारता कशाला?"

स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे होती. बाग म्हणजे एक लिंबाचं झाड, कुंपणावर चढलेला वेल आणि मधे थोडं गवत. ती कपड्यांच्या कारखान्यात तयार मालातले दोष काढायची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी चहाचा कप घेऊन ती त्या खिडकीशी उभी राहायची, आणि थंडीत तर चहा निवून जायचा तरी हलायची नाही. थंडीत बाहेरगावचे पक्षी यायचे. ते कुठून येतात हे तिला माहीत नव्हतं, पण कोण आधी येतं, कोण कुणाला हुसकावतं, कोण फक्त पाणी पिऊन जातं हे सगळं ठाऊक होतं. आता तिला उभं राहवत नव्हतं. बाथरूम जवळ पडतं म्हणून तिची खाट मागच्या खोलीत टाकली होती, आणि भिंतीपलीकडे तीच बाग असली तरी मागच्या खोलीत बघायला ट्यूबलाइट होती.

काचवाल्याचा धंदा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण काच कापायचा हिरा त्याने विकला नव्हता. तो शेजारच्या सुताराला घेऊन आला. दोघांनी उमेदीत मिळून शेकडो दुकानांची दर्शनी दारं बसवली होती. भिंत फुटेपर्यंत बायकोला सुताराच्या घरी नेऊन ठेवलं, धूळ पूर्ण खाली बसल्यावर परत आणलं. चौकट सुताराने केली. मधे एकही दांडा नको, एकच सलग काच हवी, असा काचवाल्याचा हट्ट होता.

"एवढी मोठी काच तू बँकेला तरी लावली होतीस का रे?" सुतार म्हणाला. "वहिनी, लग्नात याने तुम्हाला काय घातलं होतं मला माहीत आहे. त्याची आत्ता भरपाई करतोय."

"मला काचेचंच मिळायचं होतं," बायको म्हणाली. "सोनाराशी केलं असतं तर?"

"सोनार तुम्हाला झेपला नसता. सगळे दोष काढून त्याला परत पाठवला असता तुम्ही."

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत दोघं हातातली हत्यारं धरून उभे राहिले.

काच बसली. नवी काच बसवली की तिच्यावर खडूच्या पाण्याने मोठी फुली मारून ठेवायची, म्हणजे कुणी माणूस चालता चालता तिच्यावर जाऊन आदळत नाही. हा या धंद्यातला नियम. काम ताब्यात देताना फुली पुसायची. काचवाल्याने त्याच दिवशी फुली पुसली, मग स्पिरिट आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच आतून-बाहेरून घासली. चहा पिऊन झाल्यावर सुताराने कपातला चोथा सवयीने बाहेर बागेत भिरकावला. तो काचेवर आपटला आणि खाली ओघळला.

"च्यायला," सुतार म्हणाला, "आहे होय ती!"

काचवाल्याला आयुष्यात याहून मोठी शाबासकी मिळाली नव्हती. त्याने चोथा पुसला, पुन्हा स्पिरिट मारलं.

बागेत त्याने एक खांब रोवला, त्यावर फळी ठोकली. फळीवर दाणे आणि तांदळाची कणी, शेजारी मातीच्या थाळीत पाणी. दुसऱ्या दिवशी चिमण्या आल्या. त्यांना ती 'शाळा' म्हणायची, कारण त्या एकदम सुटायच्या आणि एकदम भरायच्या. मग होल्यांची जोडी आली, ते म्हातारा-म्हातारी. थाळीच्या काठाने शेपूट खालीवर करत धोबी पक्षी आला. आणि धुकं पडायला लागल्यावर थिरथिरा आला. वरून काळपट, पोटाला विटकरी, बसल्या जागी शेपूट थरथरवणारा, मुठीत मावेल एवढा. आल्या आल्या त्याने धोब्याला पळवलं आणि कुंपणाच्या खांबावर बसून सगळीकडे नजर फिरवली.

"हा बघा मुकादम आला," बायको म्हणाली. "आता बाकीच्यांना काम लागेल."

थिरथिरा दाणे खात नाही, हे तिनेच सांगितलं. मग तिच्यासाठी उकडलेल्या अंड्याचा चुरा करून अर्धा बाहेर ठेवायचा असं ठरलं. त्याने चोच मारली की ती चमच्यासाठी तोंड उघडायची.

"त्याने घेतला. द्या आता."

काचवाला पाठ बागेकडे करून खाटेच्या कडेला बसायचा, तिच्या चेहऱ्याकडे बघत. ती काय बघते आहे हे त्याला तिच्या तोंडूनच कळायचं. चिमण्या भांडायला लागल्या की ती वाटीभर सूप कधी संपवायची तिलाही समजत नसे. नर्स म्हणाली, "आजी, तुम्हाला इंजेक्शनं देण्यापेक्षा मी चिमण्यांनाच पगार देते." मुलीने आईचं मनगट हातात धरून पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन वडिलांना हळूच म्हणाली, "बाबा, थोडी भरलीय का हो ती? की मलाच वाटतंय?"

"भरलीय," काचवाला म्हणाला.

पहिला धक्का म्हाताऱ्याचा बसला. सकाळचं कोवळं ऊन काचेवर होतं. फळीवरून होला उठला, सरळ आला आणि आदळला. आवाज उशी आपटावी तसा झाला.

"अहो, तो आपटला."

"उडून गेला असेल."

"मग तुम्ही सुपली घेऊन कुठे निघालात?"

काचवाला बाहेर गेला. त्याने होल्याला सुपलीत घेतलं आणि लिंबाच्या मागे नेऊन पुरलं. काचेवर पंखांच्या भुकटीचा ठसा उमटला होता. दोन्ही पंख पसरलेले, डोक्याची गोलाई, चोचीची जागासुद्धा. त्याने तो लगेच पुसून काढला. काच पूर्वीसारखी झाली.

बायको त्या दिवशी जेवली नाही. म्हातारी फळीवर एकटी येऊन बसली, तेव्हा तिने मान फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला हसवलं आणि गाडी रुळावर आली. पण आदळणं थांबलं नाही. चिमण्या आदळत होत्या, कधी उन्हात, कधी ढगाळ हवेत. काही गवतात थोडा वेळ पंख पसरून बसायच्या आणि मग उडायच्या. काही उडायच्या नाहीत.

सुताराने त्याला हाताला धरून बागेत नेलं.

"इथे उभा राहा. बघ."

काचवाल्याने पाहिलं. भिंतीत लिंबाचं झाड होतं, त्याच्यामागे कुंपण, कुंपणामागे आभाळ. आतली खाट दिसत नव्हती, बायको दिसत नव्हती. आयुष्यभर त्याने काच बसवून झाली की आत उभं राहून ती तपासली होती, कारण काम घेणारा आत उभा असायचा. बाहेरून ती काय दिसते हे पाहण्याची त्याला कधी गरज पडली नव्हती. गल्लीतल्या बाकीच्या घरांच्या खिडक्यांना गज होते, पडदे होते, धूळ होती. पक्षी त्यांच्यावर आदळत नव्हते.

"तू रोज पुसतोस ना," सुतार म्हणाला, "तेच चुकतंय."

मग काचवाल्याने जे सुचलं ते केलं. मुलीने ऑफिसातून काळ्या कागदाचा ससाणा कापून आणला, तो चिकटवला. संध्याकाळपर्यंत चिमण्या त्याच्या नाकासमोर दाणे टिपत होत्या. उडताना पक्ष्यांना वेगच येऊ नये म्हणून फळी उचलून काचेला लागून ठेवली. बायकोला खोकल्याची उबळ आली की सगळा थवा उधळायचा आणि दिवसभर फिरकायचा नाही. बाहेर जाळी ताणली. पहिल्याच दिवशी एका चिमणीचा पाय अडकला, आणि तो सोडवतानाची फडफड बायकोने खाटेवरून पाहिली. ती म्हणाली, "काढा ते. माझ्याने नाही बघवत."

शेवटी सुताराच्या सांगण्यावरून त्याने बाहेरून काचेला साबणाचा दाट हात मारला. त्या दिवशी एकही पक्षी आदळला नाही. पण बायकोची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती. तिने बराच वेळ काचेकडे पाहिलं.

"काहीतरी हलतंय," ती म्हणाली. "कोण आहे?"

"चिमण्या आहेत."

"असतील." आणि तिने तोंड मिटून घेतलं.

तो दिवस आणि पुढचा दिवस ती पाण्यावर राहिली. तिसऱ्या सकाळी ती उठायच्या आत काचवाल्याने बादली घेऊन काच धुतली. आत येऊन तिला सांगितलं, "आता त्यांना सवय झालीय. आदळत नाहीत."

"खरंच?"

"तुझी शप्पथ."

तिने विश्वास ठेवला. तेवढ्यासाठी त्याने आपला दिवस बांधून घेतला. ती जागी होण्याआधी तो खिडकीखालचं गवत बघून यायचा. दुपारी औषधाने तिला झोप लागली की पुन्हा एकदा. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर चालू असायची, तिच्यात लहान पक्ष्याचा आवाज दबून जायचा. ती जागी असताना एखादा धक्का ऐकू आलाच तर तो हातातला चमचा वाटीवर वाजवायचा. ती खात होती. अर्धं अंडं, वाटीभर सूप, दुधात बुडवलेला पाव. लिंबाच्या मागची माती सतत भुसभुशीत राहायला लागली. सुताराने ती पाहिली आणि तो काही बोलला नाही. मुलगी बोलली.

"बाबा, हे बरोबर नाही."

"मग काय करू? सांग ना. साबण लावतो, तू भरव तिला."

मुलगी रिकामी वाटी उचलून धुवायला गेली.

मुकादम एका दुपारी गेला. एका चिमणीला हुसकावत तो तिच्यामागे सुसाट आला, चिमणी वळली, तो वळला नाही. काचवाला स्वतः तिथेच उभा होता. त्याने उचलला तेव्हा पक्षी गरम होता आणि मान कुठेही वळत होती. तो त्याने बाकीच्यांबरोबर पुरला नाही, कुंपणाच्या पलीकडे नेऊन पुरला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सकाळी अंड्याचा चुरा फळीवर तसाच राहिला. मग चिमण्यांनी तो विस्कटला.

"मुकादम कुठाय?"

"असेल इकडेतिकडे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, दुसरीकडे गेला असेल, तिथे जास्त खायला मिळत असेल.

"थंडी संपेपर्यंत तो जागा सोडत नाही," ती म्हणाली. प्रत्येक वाक्यानंतर ती श्वास गोळा करायची. "धोबी थेट थाळीपाशी येतोय. कालपासून. मुकादम असता तर येऊ दिला असता का?"

काचवाल्याने वाटीत चमचा फिरवला.

"आणि तुमच्या नखांत रोज माती असते. बागेत एक रोप लावलं नाही तुम्ही. माती कसली?"

"अगं..."

"दोष काढायची नोकरी केलीय मी. मला काय फसवता?"

त्याने नखं मुठीत दडवली. तिने रडणं वगैरे केलं नाही. श्वास पुरेल तेवढं थांबून ती म्हणाली, "साबण लावा."

"तू खाणार नाहीस."

"खाईन."

"मागच्या वेळी नाही खाल्लंस."

"आता खाईन म्हणतेय ना. तुमच्यासारखी शप्पथ घेऊ?"

त्याने साबण लावला. तिच्या समोरच, ती बघत असताना, वरून खाली आडवे हात मारत. शेवटचा हात तिच्या चेहऱ्यासमोर आला तेव्हा त्याला आत काही दिसत नव्हतं आणि तिलाही तो दिसला नसणार.

ती खायला लागली. चमचा आला की तोंड उघडायची, ओठ मिटायची, जबडा हलवायची. मग म्हणायची, "पाणी आणा. कोमट." तो स्वयंपाकघरात जायचा, पाणी कोमट करून आणायचा, तोवर तोंड रिकामं असायचं. काचेच्या पांढऱ्या पटलावर सावल्या हलायच्या. ती तिकडे बघायची नाही. गवतात काही पडत नव्हतं. काचवाल्याने सुताराला सांगितलं, "झालं बाबा एकदाचं. तीही खातेय, तेही वाचले." सुतार म्हणाला, "बघ, मी म्हटलं होतं." दोघांनी बाहेर ओट्यावर बसून चहा घेतला.

चादर बदलताना नर्सला सापडलं. गादी आणि भिंत यांच्या फटीत पेपर नॅपकिनच्या पुरचुंड्या होत्या, वाळलेल्या, काही बुरशी आलेल्या. अंडं, पाव. सूप तिने टॉवेलात सोडलं होतं, तो टॉवेल पार कडक झाला होता. नर्सने ते सगळं ट्रेमध्ये गोळा केलं आणि ट्रे घेऊन ती काचवाल्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, आजींच्या पोटात गेले कित्येक दिवस काही नाही."

त्याने ट्रेकडे पाहिलं. "तरीच," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात तिला कुशीवर वळवताना ती हलकी लागली होती. रोज वळवतोय, हाताला सवय झाली असेल, असं त्याने तेव्हा धरलं होतं.

बायको डोळे उघडे ठेवून त्यांचं बोलणं ऐकत होती. "मी करून पाहिलं हो," ती म्हणाली. "खरंच. जातच नाही."

नर्सने डॉक्टरांना फोन लावला. नळी घालता येईल, पण त्यासाठी हॉस्पिटलात आणावं लागेल आणि त्यांच्या अवस्थेत त्याने काही साधेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बायकोला विचारलं. तिने हॉस्पिटल शब्द ऐकून मान हलवली. कुठल्या बाजूला, याबद्दल शंका नव्हती.

तो सुट्टीचा दिवस होता, मुलगी सकाळीच आली होती. तिने वडिलांना बादली भरताना पाहिलं.

"बाबा, काच धुऊ नका. आई नको म्हणालीय."

"मला ऐकू येतं."

तो बागेत गेला. भर उजेडात, खाटेसमोर उभं राहून त्याने काचेवर पाणी मारलं. साबण पांढऱ्या ओघळांनी खाली उतरला. त्याने फडकं मारलं, मग कागदाचा बोळा, मग स्पिरिट. एक रेघ राहू दिली नाही. कोपरे त्याने नखात कापड धरून काढले. काच होती की नाही, असं झालं. काचेशी वाकून त्याने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला, तेव्हा पलीकडे खाटेवर बायको होती, उशीवर मान, नाकाला नळी, आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती. त्याने हाताने खूण केली, बघ.

तिने डोळे मिटले.

त्याने फळीवर दाणे टाकले, थाळी भरली, अंडं उकडून त्याचा चुरा केला. अर्धा बाहेर ठेवला, अर्धा वाटीत घेऊन तो खाटेच्या कडेला बसला. ऊन चांगलं होतं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"अगं, डोळे उघड. लख्ख केलीय."

ती झोपलेली नव्हती. पापण्या मुद्दाम मिटलेल्या होत्या, कडेला सुरकुत्या पडेपर्यंत.

"धोबी आलाय बघ. थाळीवर बसलाय."

पापण्या हलल्या नाहीत.

"शाळा भरली. अगं, किती आल्यात! त्या दोघींची जुंपलीय. एकीने दुसरीला ढकललं खाली. बघ तरी." त्याने चमचा तिच्या ओठांना लावला. ओठ उघडले नाहीत. "आणि कुंपणावर... नवीन मुकादम आलाय. अगदी तस्सा. शेपूट हलवतोय. त्याने घेतला बघ चुरा. घेतला त्याने. आता तू घे."

मुलीने काचेतून बाहेर पाहिलं. बादलीचा आवाज आणि माणसाची ये-जा यांनी बाग उठून गेली होती. फळीवर दाणे होते. थाळीत पाणी हलत नव्हतं. कुंपणावर कुणी नव्हतं.

"म्हातारीसुद्धा आली," काचवाला सांगत होता. त्याची पाठ बागेकडे होती. "आज तिच्याबरोबर कुणीतरी आहे. जोडीने आल्यात. अगं, एक घास. तुझ्यासाठी आलेत सगळे, असं काय करतेस?"

मुलगी पुढे झाली. तिला वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ती खाटेच्या पायथ्याशीच थांबली. मशीन घरघरत होतं. काचवाल्याने चमचा वाटीत ठेवला, पुन्हा उचलला, त्यावरचं अंडं सुकलं होतं म्हणून ते काढून टाकलं आणि नवं घेतलं.

"चिमण्या बघ," तो म्हणाला.